हाफ मॅरेथॉनच्या आदल्या रात्री झोप का उडते? आणि शर्यत आपल्याच गावची असेल तर?

रात्री नऊला दिवा मालवायचा, हे आठवडाभर आधीच ठरलेलं असतं. बिब टीशर्टला चार पिनांनी लावून झालेला असतो. मोजे बुटात खोचलेले, गजर दोन फोनवर लावलेला. मग आपण आडवे होतो आणि साडेअकरापर्यंत छताकडे बघत राहतो. मधेच उठून बिब सरळ लागलाय का, ते पुन्हा बघतो. एक वाजता जाग येते, तीन वाजता येते, आणि साडेतीनच्या गजराची वाट न बघता सव्वातीनलाच पाय जमिनीवर.

पहिल्यांदा धावणाऱ्याचं असं होतं, हे कुणीही समजून घेईल. पण दहा-बारा हाफ मॅरेथॉन केलेल्यांचंही होतं, आणि शर्यत स्वतःच्या गावची असली की जास्त होतं. साताऱ्यातल्या धावणाऱ्यांना विचारा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. 2015 मध्ये अडीच हजारांहून जास्त लोक एकाच वेळी डोंगरावर धावले म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. आता बाहेरगावचे लोक नोंदणी कधी उघडते याकडे डोळे लावून बसतात. सातारकराला मात्र ही शर्यत म्हणजे शाळेत जाताना चढलेला रस्ता, मामाचं घर लागतं ते वळण आणि यवतेश्वराचा घाट. त्याला रस्त्याची भीती नसते. त्या रस्त्यावर कोण कोण उभं असेल, याची असते.

मी मूळचा धर्माबादचा. आमच्याकडे घाट नावाची गोष्ट नाही. गोदावरीकाठचं सपाट काळं रान, बाभळीच्या बंधाऱ्याकडे जाणारा रस्ता, आणि सीझनमध्ये मिरचीच्या बाजाराजवळून धावलं तर लागणारा ठसका. हा ठसका भल्याभल्यांचा पेस मोडतो. आपल्या भागातल्या तालुक्याच्या गावांत शर्यती होतात त्या बहुतेक 26 जानेवारी किंवा एखाद्या जयंतीच्या निमित्ताने, तीन, पाच किंवा फार तर दहा किलोमीटरच्या. पण आदल्या रात्रीचं छत सगळीकडे सारखंच. तर ते नेमकं काय असतं?

आधी अंतराचं बघू

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. हा विचित्र आकडा पूर्ण मॅरेथॉनच्या 42.195 चा बरोबर अर्धा आहे. ते अंतर पहिल्यांदा धावलं गेलं 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोरपर्यंत. पुढे 1921 मध्ये तेच अंतर अधिकृत झालं.

हाफचं वैशिष्ट्य असं की नोकरी-धंदा सांभाळून, रोज पहाटे तासभर देऊन माणूस चार-पाच महिन्यांत तिची तयारी करू शकतो. पण ती फुकटात मात्र होत नाही. दहा किलोमीटर जिद्दीवर निघून जातात, एकवीस निघत नाहीत. हे शरीराला माहीत असतं, म्हणून ते आधीपासूनच तयारीला लागतं.

पोटात गोळा का येतो?

मेंदूला मोठी मागणी समोर दिसली की तो मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना इशारा देतो. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतात. हृदय जोरात चालतं, साखर रक्तात सोडली जाते, आणि रक्ताचा ओघ पचनाकडून स्नायूंकडे वळतो. जठराचं काम मंदावतं म्हणून घास उतरत नाही. मोठं आतडं मात्र उलट जास्त हालचाल करू लागतं. स्टार्टलाइनजवळच्या शौचालयांपुढे सगळ्यात लांब रांग का असते, याचं उत्तर इथे आहे. लघवीला पुन्हा पुन्हा लागणं हा त्याचाच भाग.

वाघ दिसला तर पळण्यासाठी असलेली ही व्यवस्था. आपल्याला पळायचंच आहे, त्यामुळे ती तशी चुकीची नाही. चुकते फक्त वेळ, कारण वाघ बारा तास आधी आलेला असतो.

थोडा ताण उपयोगाचाही असतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी 1908 मध्येच (तेच साल, योगायोग बघा) उंदरांवर प्रयोग केले. सोपं काम शिकताना जोरदार चेतना चालली, पण अवघड काम शिकताना मध्यम चेतनेवर उंदीर सगळ्यात चांगले शिकले. माणसांना तो नियम पुढे बराच सैल हाताने लावला गेला, हे खरं. तरी धावणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. अजिबात धाकधूक नसलेल्या दिवशी पाय जड असतात, आणि फार असलेल्या दिवशी पहिल्या तीन किलोमीटरमध्येच सगळं उधळलं जातं.

मग स्वतःला “शांत हो, शांत हो” म्हणावं का? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचं 2014 चं संशोधन वेगळं सांगतं. गाणं म्हणणं, भाषण करणं, गणितं सोडवणं अशा कामांआधी काहींना “मी शांत आहे” आणि काहींना “मला उत्साह वाटतोय” असं म्हणायला लावलं. उत्साहवाल्यांची कामगिरी चांगली झाली. धडधडत्या छातीला शांत करणं अवघड, पण त्या धडधडीला दुसरं नाव देणं सोपं. हा प्रयोग धावण्यावर नव्हता, पण धडधड तीच असते.

“पाय दुखतायत, वजन वाढलंय, सराव कमी पडला”

शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सराव कमी करतात. त्याला टेपर म्हणतात. या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये काढलेला निष्कर्ष असा: साधारण दोन आठवडे, अंतर 41 ते 60 टक्क्यांनी कमी, पण वेग तसाच ठेवला, तर फायदा सगळ्यात जास्त. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात रोज पहाटे पळणाऱ्या माणसाला घरात बसवलं की त्याला नसलेली दुखणी सापडू लागतात. गुडघ्यात कळ येते, पोटरी ओढल्यासारखी वाटते.

वजनाचं कारण मात्र खरं असतं. खाल्लेला भात, पोळी, बटाटा शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: स्नायूंत साधारण 400 ग्रॅमच्या आसपास, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. सराव कमी आणि भात जास्त झाला की काटा एक-दीड किलो वर जातो. ती चरबी नव्हे, ती उद्याची शिदोरी. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हा साठा तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला संपतो आणि “भिंत” लागते. हाफमध्ये भरलेल्या साठ्यावर बहुतेकांचं निभतं. अडीच तास लागणार असतील तर वाटेत थोडा गूळ, केळं किंवा साखरेचं पाणी घ्यावं.

गावच्या शर्यतीत धोका वेगळाच असतो: पाहुणचार. मुक्काम मावशीकडे, आणि मावशी म्हणते, “उद्या एवढं पळायचंय, पोटभर जेव.” ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, वर ठेचा. मावशीला नाही म्हणणं हे एकवीस किलोमीटरपेक्षा अवघड. पण आदल्या रात्री तिखट, तळलेलं आणि फार डाळी-भाकरी नको. ज्वारीची भाकरी एरवी उत्तम, पण तिच्यातला चोथा शर्यतीच्या सकाळी नको तिथे आठवण करून देतो. साधा भात, थोडं वरण आणि दुपारच्या जेवणातच भर टाकणं हा मधला मार्ग.

झोप झाली नाही, आता?

इथे दिलासा आहे. एका रात्रीची झोप बुडाली म्हणून स्नायूंची ताकद किंवा दम फारसा घटत नाही. तेच श्रम थोडे जास्त वाटतात, एवढंच. खरी कामाची झोप त्याआधीच्या रात्रींची. म्हणून रविवारची शर्यत असेल तर गुरुवार-शुक्रवारची झोप जपावी आणि शनिवारी नुसतं आडवं पडावं. झोप आली नाही याची काळजी करणं हे जागं राहण्यापेक्षा महाग पडतं.

लोक बघत असले की वेग वाढतो का?

नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यांपेक्षा बरोबर कुणी असलेले स्वार जास्त वेगात होते. पुढे 1965 मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्यात दुरुस्ती केली. बघणारे असले की सवयीचं काम सुधारतं, न जमणारं आणखी बिघडतं. म्हणजे सरावात पक्क्या झालेल्या पायांना गर्दी मदत करते आणि कच्च्यांना उघडं पाडते.

आपल्या गावचे लोक बघत असले की? रॉय बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या निकालांवरून म्हटलं की निर्णायक सामन्यात घरचं मैदान उलट गळ्याशी येतं. माणूस स्वतःकडे बघायला लागतो आणि चुकतो. नंतर जास्त आकडे तपासल्यावर हा दावा बराच लंगडा पडला. तरी माझं मत विचाराल तर धावण्यात त्याचं एक रूप दरवेळी दिसतं: सुरुवातीची घाई.

हिशोब बघा. किलोमीटरला साडेसहा मिनिटं हा तुमचा वेग असेल तर शर्यत साधारण 2 तास 17 मिनिटांत होते. चौकात शाळेचे सर उभे, दुकानातून काका हात करतायत, म्हणून पहिले तीन किलोमीटर साडेपाचने गेलात, तर कमाई तीन मिनिटांची. अ‍ॅड्रेनलिनमुळे तेव्हा काही जाणवतही नाही. साताऱ्यात मात्र शहर संपलं की यवतेश्वराचा चढ सुरू होतो, कासच्या दिशेने. तिथे ते तीन मिनिटांचं कर्ज व्याजासकट वसूल होतं. चढावर घड्याळ बघू नये, श्वास बघावा. बरोबरच्याशी अर्धं वाक्य बोलता आलं पाहिजे. उतारही फसवा असतो. पुढची मांडी ब्रेकसारखं काम करते आणि मंगळवारी जिना उतरताना त्याची पावती मिळते.

घाट सरावात नसलेल्या सपाट मुलखातल्या माणसाने काय करावं? धर्माबादला माझ्या ओळखीतले काही जण पुलाचा चढ आणि घराचा जिना वापरतात. हसण्यासारखं वाटतं, पण पोटऱ्यांना कळतं. आणि सपाट मुलूख म्हणजे कमी दर्जाचा, असंही नाही. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या परभणीची ज्योती गवते 2017 मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिलांत पहिली आली. तिकडे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर मुंबईत जिंकून पुढे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दोघीही दुष्काळाशी ओळख असलेल्या भागातल्या.

धाकधूक आणि धोका यात फरक कसा करायचा?

हा भाग घाईने वाचू नका. आदल्या दिवशीची धडधड, कोरडा घसा, पोटातला गोळा हे स्टार्टची शिटी वाजल्यावर पाच-दहा मिनिटांत विरतं. जे चालायला लागल्यावर वाढतं, ते धाकधूक नसतं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, न ओळखीची धाप, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काही असेल तर बिब काढून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. घरच्या शर्यतीत हे सगळ्यात अवघड, कारण “लोक काय म्हणतील” ते लोक समोरच उभे असतात.

आकडे घाबरवणारे नाहीत. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात हाफ आणि पूर्ण मॅरेथॉन मिळून सुमारे 1 कोटी 9 लाख धावणाऱ्यांत हृदय बंद पडण्याच्या 59 घटना नोंदल्या गेल्या. हाफमध्ये प्रमाण लाखात 0.27, पूर्णमध्ये 1.01. पण त्या 59 मध्ये आपण असू नये म्हणून चाळिशीनंतर किंवा घरात हृदयविकार असेल तर तपासणी सरावाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी, शर्यतीच्या आठवड्यात नव्हे.

दुसरा मुद्दा तापाचा. साताऱ्याची शर्यत पावसाळ्याच्या शेवटी येते, आणि तेव्हा घरोघरी व्हायरल असतो. अंगात ताप असताना, किंवा नुकताच उतरला असताना एकवीस किलोमीटर पळणं हा हृदयाच्या स्नायूशी जुगार आहे. गोळी घेऊन ताप दाबून धावू नये. पुढच्या वर्षी घाट तिथेच असतो.

तिसरा पाण्याचा. मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाची धास्ती असते म्हणून तो आदल्या दिवसापासून तांब्यावर तांब्या रिचवतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांत सोडियम कमी निघालं, आणि त्याचा संबंध जास्त पाणी पिण्याशी होता. तहान लागेल तसं प्यावं, फार घाम येत असेल तर मीठ-साखर-लिंबू घालून.

बाकी नवे बूट नकोत, नवा पट्टा नको, नवी जेल नको. सुरू होण्याच्या दोन-तीन तास आधी रोजचंच काहीतरी खावं. चहा रोज घेत असाल तर घ्या.

आणि एका गोष्टीची तयारी कुठल्याच वेळापत्रकात नसते. पाच महिने सराव केलेला असतो, मागच्या वर्षीपेक्षा चार मिनिटं कमी लागलेली असतात, गळ्यात पदक असतं. घरी पोचताच दारातच आजी विचारते, “नंबर कितवा आला रे?” आपण म्हणतो, “अकराशे काहीतरी.” त्यावर आजी घटकाभर बघते आणि म्हणते, “बरं. हातपाय धू, जेवायला बस.”