हौसेचा बाजारभाव

छायाचित्रणाची हौस म्हणजे निव्वळ खर्चाची बाब, असे आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय घरांत निर्विवादपणे मानले जाई. आणि ज्या काळी छत्तीस चित्रांचा रोल विकत घेणे, तो धुऊन घेणे आणि त्यातील निवडक चित्रांच्या प्रती काढणे यांत कारकुनी पगाराचा डोळ्यांत भरण्याजोगा हिस्सा खर्ची पडे, त्या काळी ही समजूत वस्तुस्थितीला धरूनच होती. त्यामुळे डिजिटल कॅमेरा हाती आल्यानंतर काही वर्षांतच, हौशी माणसाने सुटीच्या दिवशी काढलेले छायाचित्र सातासमुद्रापलीकडचा एखादा प्रकाशक इंटरनेटवरून विकत घेतो, ही वार्ता जेव्हा सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी येऊन थडकली, तेव्हा ती ऐकणाऱ्यांना हर्षापेक्षा संशयच अधिक वाटला. आधी पैसे भरायला सांगतील, असे भाकीत आमच्या कचेरीतील अनुभवी मंडळींनी केले होते. तसे कोणी सांगितले नाही; हौशी माणसाकडून या व्यवहारात जे वसूल झाले ते पैशांच्या रूपाने झाले नाही, इतकेच.

हा बाजार मुळात हौशी लोकांसाठी नव्हताच. आधीच काढून ठेवलेली चित्रे वापरासाठी देणाऱ्या संस्था पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत्या. त्यांच्या दप्तरखान्यांत पारदर्शिका वर्गवारीने लावलेल्या असत, जाडजूड सूचिग्रंथ जाहिरात-संस्थांकडे रवाना होत, आणि चित्र कोणत्या आकारात, किती प्रतींत व कोणत्या मुलखात छापले जाणार याची रीतसर चौकशी करून एकेका वापरासाठी शेकडो डॉलरांची आकारणी होई. 2000 साली कॅनडातील कॅल्गरी शहरी ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले ते चित्रकार-छायाचित्रकारांनी आपापली चित्रे आपसांत बिनामूल्य द्यावी-घ्यावी म्हणून. पुढे हा व्याप चालवण्याचा खर्च अंगावर येऊ लागला, तेव्हा चित्रामागे 25 सेंट आकारण्याची प्रथा पडली. 2003 साली न्यू यॉर्कमध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे 30,000 चित्रांच्या भांडवलावर शटरस्टॉक उभे केले आणि ठरावीक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकाला चित्रे उचलण्याची मुभा दिली. वॉशिंग्टनमधील एका आरोग्य-संग्रहालयाला रुग्णांची चित्रे हवी होती, त्यांसाठी एका व्यावसायिक छायाचित्रकाराने सवलतीच्या दराने 100 ते 150 डॉलर मागितले, आणि तशीच चित्रे आयस्टॉकफोटोवर एकेका डॉलरच्या आसपास मिळाल्यामुळे त्याचे गिऱ्हाईक हातचे गेले, ही हकीकत जेफ हाउ यांनी 2006 साली ‘वायर्ड’ मासिकात दिली, तेव्हा या उलथापालथीकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. त्याच वर्षी, शेकडो डॉलरांच्या जुन्या व्यापारात अग्रगण्य असलेल्या गेटी इमेजेसने आयस्टॉकफोटो 5 कोटी डॉलरांना खरेदी करून टाकले.

व्यावसायिकाला एका डॉलरात चित्र देणे परवडत नव्हते ते त्याला स्टुडिओचे भाडे भरायचे होते म्हणून. आम्हांला परवडत होते ते आमचे घर दुसऱ्या पगारावर चालत होते म्हणून. कॅमेरा हौसेखातर आधीच घेतलेला, वेळ रविवारचा, आणि मोबदला कितीही अल्प असला तरी परक्या देशातील अनोळखी माणसाने आपले चित्र पसंत केले याचा आनंद वर. चिल्लर भावात माल पुरवू शकणारा असा पुरवठादार इतिहासात क्वचितच कोणा व्यापाऱ्याला लाभला असेल. आणि या धंद्याची सारी इमारत त्याच पायावर उभी राहिली असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेश मात्र सुलभ नव्हता. शटरस्टॉकच्या प्रारंभीच्या नियमानुसार दहा चित्रे सादर करावी लागत आणि त्यांपैकी सात मंजूर झाल्यावाचून खाते उघडत नसे. ओळख पटवण्यासाठी पासपोर्टची प्रत मागत. परीक्षक चित्र पूर्ण आकारात, म्हणजे पडद्यावर एकास एक प्रमाणात पाहतात, ही गोष्ट नवख्याला फार उशिरा उमगे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना काढलेले एक चित्र, ज्यात पत्र्याच्या छपराच्या फटीतून उतरलेला उन्हाचा पट्टा पिवळ्या राशीवर पडला होता आणि जे पाहून आमच्या फोटो-मंडळातील जाणकारांनी माना डोलावल्या होत्या, ते सावलीतील रवाळपणाच्या कारणाने नामंजूर होऊन परत आले. मोठे करून पाहिले, तर पोत्यांच्या मागच्या काळोखात लाल-निळे ठिपके खरोखरच माजले होते. त्याच हळकुंडांची ओंजळभर रास जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर ओतून, एका बाजूने खिडकीचा उजेड घेऊन आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करून काढलेले, माझ्या दृष्टीने सर्वस्वी निर्जीव असे चित्र बिनतक्रार मंजूर झाले आणि पुढे वर्षानुवर्षे विकले जात राहिले.

यामागचे तत्त्व समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर ते नजरेआड करता आले नाही. ग्राहकाला हवे होते ते आमच्या गावचे चित्र नव्हे. त्याला हवी होती एक रिकामी जागा, जिच्यावर त्याला आपला मजकूर छापता येईल, आणि तिच्या कडेला अशी एक वस्तू, जी कोणत्याही देशातील वाचक निमिषार्धात ओळखील. म्हणून नाण्यांच्या चळतीवर ठेवलेले रोपटे विकले गेले, गणकयंत्रावर टेकवलेले पेन विकले गेले, पाठमोरी उभी असलेली व्यक्ती तोंड दाखवणाऱ्या व्यक्तीहून अधिक खपली. आणि हरिपूरच्या संगमावरील पहाटेचे धुके, ज्यासाठी मी थंडीत कुडकुडत घाटावर उभा राहिलो होतो, ते जवळपास कोणीच घेतले नाही. फोटो-मंडळांतील जुन्या जाणत्यांनी शिकवलेली रचना, छायाप्रकाशाची मांडणी, क्षण पकडण्याची हातोटी, या साऱ्यांचा या बाजाराला अजिबात उपयोग नव्हता असे नाही. परंतु त्यांचा मुख्य ग्राहक दुसराच कोणी तरी होता. काही मित्रांनी याच कारणाने हा नाद सोडला, आणि त्यांचा निर्णय मला तेव्हाही अयोग्य वाटला नाही.

सर्वांत अवघड बाब होती ती माणसांच्या चित्रांची. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा, तर त्या व्यक्तीचे लेखी संमतीपत्र जोडावे लागते आणि त्यावर बहुधा साक्षीदाराचीही सही लागते. ते नसल्यास चित्र फार तर वृत्तपत्रीय वापरापुरते स्वीकारले जाते. ज्या मुलखात सही म्हटली की खरेदीखत, जामीनकी किंवा सोसायटीचे कर्जच डोळ्यांपुढे उभे राहते, तेथे हे इंग्रजी कागद पुढे करणे म्हणजे एक दिव्यच होते. यार्डातील एका वयस्क हमालाने, ज्यांच्या भुवयांवर दिवसअखेर हळदीचा पिवळा थर साचलेला असे, आनंदाने चित्र काढू दिले. पण कागद पाहताच हात मागे घेतला.

“सायब, ह्यात जमिनीचं काय न्हाई न्हवं?”

“नाही हो मामा, फक्त फोटो छापायची परवानगी.”

“कुठं छापनार?”

“ते मलाही कळणार नाही. कुठंही छापतील.”

“मग तुम्हालाच ठावं न्हाई, तर मी कशापायी सही करू?”

या सवालाला समर्पक उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. संमतीपत्राच्या मसुद्यात ज्या वकिलांनी एकेक शब्द तोलून घातला असेल, त्यांच्याजवळ तरी ते असेल की नाही याविषयी मी साशंक आहे. मामांचे चित्र घरच्या भिंतीवर लागले, बाजारात गेले नाही. त्यानंतर मी बहुतांशी वस्तू आणि हात यांवरच भिस्त ठेवली.

चित्रे पाठवणे हेही एक रात्रपाळीचे काम होते. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर अमर्याद असे, म्हणून गजर लावून उठायचे, चित्रांची रांग लावून द्यायची आणि पुन्हा निजायचे. पैशांचे म्हणाल, तर शटरस्टॉकवर नवख्याला दर विक्रीमागे 25 सेंट मिळत आणि एकूण कमाई 500 डॉलरांवर गेली की 33 सेंट. ठरलेली किमान रक्कम साचल्याखेरीज काही हाती पडत नसे. अमेरिकेच्या कर-खात्याचा डब्ल्यू-8बीईएन हा नमुना भरून आपण भारतीय रहिवासी असल्याचे लिहून दिले, तर तेथील विक्रीवर 30 ऐवजी उभय देशांतील तहानुसार 15 टक्के कापले जात. पेपॅलमधून येणाऱ्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 2011 च्या मार्चपासून काही महिने दर व्यवहारास 500 डॉलरांची मर्यादा होती. तिची झळ आमच्यासारख्यांना कधी पोहोचलीच नाही, कारण तेवढी रक्कम एका वेळी जमा होण्याचा प्रसंगच आला नाही.

हरिपुरास पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत भरून ठेवीत आणि भाव चढला म्हणजे पेव फोडीत. चित्रांचेही तसेच होते, फरक एवढाच की पेव केव्हा फुटेल हे मालकाच्या हाती नसे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर होताच, त्या नोटांची कधी काळी सहज काढलेली आणि विस्मरणात गेलेली माझी चित्रे आठवडाभर धडाधड उचलली गेली. बँकेच्या दारातील रांगेत उभा असताना मोबाइलवर विक्रीच्या सूचना येत होत्या, आणि शेजारच्या गृहस्थाला त्या कशाच्या आहेत हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

उतरण केव्हा लागली हे नेमके सांगणे कठीण. साठे फुगत गेले, कोट्यवधी चित्रांच्या गर्दीत नव्या चित्राचे नशीब मावळत गेले, आणि घट अंगवळणी पडली. 1 जून 2020 रोजी, आम्ही टाळेबंदीत घरात कोंडलेले असताना, शटरस्टॉकने सेंटांचा ठरीव दर रद्द करून 15 ते 40 टक्क्यांची सहा पायऱ्यांची श्रेणी आणली. दर 1 जानेवारीस प्रत्येकाला पुन्हा तळाच्या पायरीवरून चढायचे, आणि एका विक्रीचा किमान मोबदला 10 सेंट. त्यावर देशोदेशींच्या छायाचित्रकारांनी निषेध केला, कित्येकांनी चित्रे काढून घेतली. पण निषेधाला वजन यायला पुरवठा थांबावा लागतो, आणि हौस थांबत नाही. नेमकी तीच गोष्ट या व्यापाराने आरंभापासून हेरलेली होती.

पुढचा फेरा मात्र असा आला की ज्यात हौसेचीही गरज उरली नाही; चित्रे आता यंत्रच रचू लागले. 2022 च्या ऑक्टोबरात शटरस्टॉकने ओपनएआयशी सहकार्य जाहीर केले, त्याच डिसेंबरात अडोबी स्टॉकने यंत्रनिर्मित चित्रे विक्रीस घेण्याचे नियम घातले, आणि 2023 च्या मार्चमध्ये अडोबीने चित्रे रचणारे जे फायरफ्लाय आणले त्याचे शिक्षण याच साठ्यातील चित्रांवर झालेले होते. त्यापोटी चित्रकर्त्यांना काही बोनस वाटण्यात आला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची हळद आता कोणालाही टेबलावर ओतावी लागत नाही. रिकामी, कोठलीही नसलेली चित्रे ज्या बाजाराने आमच्याकडून अट्टाहासाने काढून घेतली, त्याच चित्रांची निर्मिती यंत्राला सर्वांत आधी साधावी, यात आश्चर्य करण्याजोगे काही नव्हते.

गावातील तरुण मुले अजूनही विचारायला येतात, ‘काका, हे सुरू करावं का?’ त्यांना मी नोकरी सोडू नका एवढे सांगतो, आणि यार्डात पाठवतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते तेव्हाची चित्रे आजही अधूनमधून जातात, कारण वृत्तपत्रीय वापरासाठी यंत्राने रचलेले चित्र चालत नाही. तेथे छायाचित्रकार प्रत्यक्ष हजर असावा लागतो. तेव्हा सौदा चालू असताना जा, समोरून उजेड घेऊ नका, आणि चित्राखालच्या ओळीत आधी गाव, मग तारीख, मग काय चालले आहे ते लिहा. विशेषण एकही नको. संमतीपत्राचे कोरे कागदही बरोबर ठेवा, पण सहीसाठी कोणाच्या मागे लागू नका.