परिचय आणि सहवास : मैत्री जुळविणाऱ्या अ‍ॅप्सविषयी

ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवरील डोंबिवली व कल्याण यांच्या मधले स्थानक. रेल्वेचे वीजघर ही या गावाची एके काळची ओळख. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. नव्याने राहावयास आलेल्या माणसास येथे घर मिळते, शेजारही मिळतो. परंतु मित्र मिळतोच असे नाही. ही अडचण केवळ येथलीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकास एकाकीपणा जाणवतो. या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलेल्या भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप्सचे कार्य व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

या अ‍ॅप्सचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. न्यूयॉर्क येथे २००२ मध्ये सुरू झालेले 'मीटअप' हे पहिल्या प्रकारचे होय. सभासद आपले गाव व आवड नोंदवितो. संयोजक भेटीचे स्थळ व वेळ जाहीर करतो. येऊ इच्छिणारे तसे कळवितात. 'बंबल'ने २०१६ मध्ये मैत्रीसाठी केलेली सोय दुसऱ्या प्रकारची. तीत व्यक्तीची व्यक्तीशी गाठ घातली जाते, व उभयतांची पसंती जुळल्यावाचून संभाषणास आरंभ होत नाही.

दोन्ही प्रकारांत साधतो तो परिचय. परिचयाची मैत्री होण्यास मात्र सहवास लागतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या मैत्रीस सुमारे ५० तास, तर घनिष्ठ मैत्रीस २०० हून अधिक तास लागतात, असे आढळून आले.

या मापाने आपल्याकडील लोकलगाडीतील 'ग्रुप' पाहण्याजोगा आहे. ठाकुर्लीहून मुंबईस जाणारा नोकरदार ठरलेली गाडी व ठरलेला डबा धरतो. त्याच मंडळींत रोज एक तास गेला, तर महिन्याच्या २५ दिवसांच्या हिशेबाने दोन महिन्यांत ५० तास भरतात. उलट महिन्यातून एकदा दोन तास भरणाऱ्या मेळाव्यास त्यासाठी २५ महिने लागतील. शिवाय दर वेळी नवीच माणसे आली, तर हा हिशेब मुळातच सुरू होत नाही.

परंतु गाडीचा हा लाभ सर्वांस नाही. घरून काम करणारे, सेवानिवृत्त, लहान मुले सांभाळणाऱ्या गृहिणी यांस रोजचा डबा नाही. अ‍ॅपची खरी गरज आहे ती यांनाच. त्यांनी दूरच्या मोठ्या मेळाव्यापेक्षा पायी जाता येईल असा, दर आठवड्यास एकाच वारी भरणारा लहान गट निवडावा. तेथे दोन तास दिल्यास सहा महिन्यांत ५० तास पुरे होतात. अ‍ॅप दार उघडून देते; त्या दारी पुनःपुन्हा जाणे ज्याचे त्यानेच करावयाचे असते.