माशी, खाच आणि मापभर दारू

दारू म्हटली की पांढरपेशा घरात भुवया चढतात. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, त्यानंतरही आमच्या थोरल्या काकांच्या लोधिवलीच्या घरी फडताळात दारू असे, आणि तीही सरकारी परवान्याने! गृहिणींनी दचकू नये. ती बंदुकीची दारू. खालापूर तालुक्यातल्या त्या गावी दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येई आणि इर्शाळगडाच्या बाजूच्या रानातून डुकरे रात्री शेतात उतरत. एक कळप एका रात्रीत खातो थोडे आणि तुडवतो फार. म्हणून काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी ठासणीची बंदूक होती.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसते. प्रत्येक बार हाताने भरायचा. आधी दारू, तिच्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, ती घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. गजाने ठासून झाले की सर्वांत शेवटी घोड्याखाली टोपी. वाचायला हे सोपे वाटते. पण भाजणीचे जिन्नस ठाऊक असले म्हणून चकली खुसखुशीत होतेच असे नाही, हे या दिवसांत मी सांगायला नको.

खरी मेख आहे ती नेमाच्या साधनात. या बंदुकीला दुर्बीण नसते. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच. खाचेतून माशी पाहायची आणि माशीवर जनावर धरायचे. दोहोंत ६० सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की ४० मीटरवर गोळी साडेसहा सेंटिमीटरांहून जास्त चुकते. शंभर मीटरवर जवळजवळ सतरा! शिवाय गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघालेली गोळी ४० मीटर जाईतो सहा सेंटिमीटरांहून अधिक उतरते आणि शंभर मीटर जाईतो किमान ४० सेंटिमीटर.

माशी डागून पक्की बसवलेली. ती हलवायची सोय नाही. तेव्हा माशीला बार जुळवायचा, एवढेच हाती उरते. काका याला ‘बार बसवणे’ म्हणत. उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना, बांधाला फळी टेकवायची, चुन्याचा ठिपका द्यायचा आणि ४० पावलांवरून तीन बार टाकायचे. भोके मोजायचे काम माझ्याकडे. तीनही भोके एकमेकांजवळ पण ठिपक्याखाली पडली, तर काका खूश. विखुरली, तर एखादे मधोमध लागले तरी नाखूश. “एक लागली ती नशिबाने,” ते म्हणत. मग दारूचे माप किंचित बदलायचे, पण तेवढेच. त्या दिवशी बोळा नि गोळी तीच. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि माप वाढवले की गोळी वर लागते, हा समज काकांच्या फळीने कितीदा तरी खोटा पाडला. गोळी नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक मागे आणि वर उसळू लागते. मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून जवळच्या अंतरावर कधीकधी तीच वर लागते. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. म्हणून दर बाराला नळी चिंधीने पुसायची. रानात पहिलाच बार कामाचा, आणि तो स्वच्छ नळीतून जातो.

जास्त दारू म्हणजे जास्त पराक्रम असे मानणारे तेव्हाही होते. जिम कॉर्बेटला लहानपणी मिळालेल्या दुनळी ठासणीची उजवी नळी जादा दारूमुळे फाटलेली होती, दस्ताही मोडलेला, सारे पितळी तारेने बांधलेले. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका हौशी गृहस्थाने उलटे केले: घाईत बार हलका भरला आणि फार लांबून टाकला. डुक्कर जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरले. सकाळी बायका त्याच वाटेने लाकडांना जाणार होत्या. काकांनी त्यांना घरीच थांबवले, दोन कातकरी माणसे बरोबर घेतली आणि दुपारपर्यंत रक्ताचा माग काढून ते जनावर संपवले. त्या दिवशी त्यांनी जेवायला नकार दिला. पुढे त्यांनी माळ्यापासून ४० पावलांवर चुना लावलेला दगड ठेवला. त्यापलीकडे डुक्कर कितीही निवांत चरत असले तरी काका पत्र्याचा डबा वाजवीत.

काडतुसाच्या रायफलीलाही हेच लागू. आपल्याकडची साध्या माशीची रायफल म्हणजे इशापूर कारखान्याची .३१५ बोअरची, लष्कराचे.३०३ काडतूस बाहेर कोणाच्या हाती पडू नये म्हणून हा निराळा बोअर निघाला. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात, आणि १८६९ पासून तिथे हा उद्योग चालू आहे. परदेशात हौशी लोक रिकामी पितळी टोपणे जपून ठेवतात आणि घरच्या टेबलावर नवी टोपी, तोललेली दारू नि निवडलेली गोळी बसवतात. त्यांतल्या साध्या माशीच्या रायफलवाल्यांचा हिशेब काकांसारखाच: डोळ्याला जेवढे नीट दिसते त्यापलीकडे गोळी अचूक नेऊन उपयोग काय?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सरसकट बंद झाली. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. चुन्याचा दगड ठेवणारे थोडे होते. डुकरे मात्र अजून भातात उतरतात, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी शेतकऱ्याला आधी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो.