ऐंशीच्या काट्यावरची थरथर

सत्तरला काही नाही, नव्वदलाही नाही. काटा ऐंशीच्या आसपास आला की मात्र स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, डॅशबोर्डवरचा गणपती डुलायला लागतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा अजून दाबला की सगळं शांत. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा उतरवून मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडे परत निघालेल्या जुन्या पिकअपबद्दल ही तक्रार ऐकली की पहिल्यांदा भुताटकीच वाटते. बिघडलेली वस्तू वेग वाढेल तशी जास्त बिघडायला हवी. ही मधेच बिघडते आणि पुढं सुधारते कशी?

गंमत अशी, की ड्रायव्हरनं या तक्रारीत निम्मं निदान करून टाकलेलं असतं. हिशेब करून बघू. अशा पिकअपच्या टायरचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी २.२ मीटर पुढं जाते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चाक सेकंदाला दहा फेरे मारतंय. आता रिमच्या एका बाजूला फक्त ५० ग्रॅम जास्त वजन आहे असं धरा. ऐंशीच्या वेगाला ते चाकाला जवळपास चार किलोच्या जोरानं बाहेर ओढतं; कधी वर, कधी पुढं, कधी खाली, सेकंदाला दहा वेळा. चाळीसच्या वेगाला हाच जोर एका किलोवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गावात फिरताना गाडी गुणी आणि हायवेला लागली की अंगात आल्यासारखी, ते यामुळं.

पण मग नव्वदला थरथर का थांबते? जोर तर अजून वाढलेला असतो. याचं उत्तर चाकाच्या बसण्यात आहे. चाक आणि अ‍ॅक्सल दोन स्प्रिंगांच्या मधे अडकलेले असतात. खाली टायरमधली हवा, वर कमानपाटा. या जोडीचा स्वतःचा एक ताल असतो, आणि तो साधारण सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांचा असतो. फेऱ्यांचा ताल त्याला जाऊन मिळाला की प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात भर घालतो. वेग त्यापुढं गेला की धक्के इतके झटपट येतात की जड चाकाला त्यांच्याबरोबर हलायला वेळच मिळत नाही. थरथर थांबली म्हणजे दोष गेला असं नाही. बेअरिंगला तो ओढा नव्वदलाही सोसावा लागतोच, फक्त हाताला कळत नाही. ‘नव्वदनं चालवली की काही होत नाही’ हा ड्रायव्हर मंडळींचा आवडता उपाय म्हणून महागात पडतो.

आणि गाडीत ताल काही एकच नसतो. त्याच ऐंशीच्या वेगाला प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट-एक वेगानं फिरतो, कारण मागच्या क्राउन-पिनियनमधे वेग तेवढा कमी होतो. म्हणजे सेकंदाला चाळीस फेरे. गाडी सरळ गिअरमधे असेल तर इंजिनही तेवढंच फिरतं, मिनिटाला २४०० फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, म्हणून त्याचा ठोका सेकंदाला ऐंशी. उलट भरलेली बॉडी खड्ड्यावरून जाताना सेकंदाला एक-दोनदाच डुलते. एक, दहा, चाळीस, ऐंशी: चार वेगळे ताल एकाच सांगाड्यातून एकाच वेळी अंगात शिरतात, आणि माणसाला ते वेगवेगळे ओळखता येतात हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. दहाचा ताल हात हलवतो. चाळीसचा हलवत नाही, झिणझिण्या आणतो, घुमतो. म्हणून जाणता मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठं लागतं?’ स्टिअरिंगला लागत असेल तर बहुतेक पुढची चाकं. सीटखाली घुमत असेल तर शाफ्ट नाहीतर त्याचा जॉइंट क्रॉस. रिकाम्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगाला क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन सुटलं. फक्त ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर चाकाकडं बघूच नका, ब्रेकची डिस्क बघा. तिच्या जाडीत मिलिमीटरच्या काही शतांशाचा फरक पडला तरी तो पॅडमधून, तेलातून थेट ड्रायव्हरच्या पायापर्यंत पोचतो.

आता सोलापूरची खासियत. भीमा-सीनेच्या काठची काळी माती पावसात जोडे सोडत नाही, चाकं कुठून सोडणार? शेतातून निघालेल्या पिकअपच्या रिमच्या आतल्या बाजूला ती थापली जाते, पुढच्या उन्हात वाळून घट्ट होते आणि बाहेरून दिसत नाही. एका चाकात पावशेरापेक्षाही कमी, २०० ग्रॅमचं ढेकूळ एका बाजूला राहिलं तर ऐंशीला ते पंधरा किलोच्या आसपास ओढ देतं. काल रात्रीपर्यंत लोण्यासारखी चालणारी गाडी सकाळी अचानक थरथरायला लागली आणि मधे कुठं शेतरस्ता झाला असेल, तर बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवण्याआधी रिमच्या आतून पाण्याचा जोरदार फवारा मारा. बिल शून्य. मशीनवर आधी चढवली तर मातीसकट बॅलन्स होते, वरून शिशाची वजनं लागतात, आणि दोन दिवसांनी ढेकूळ गळून पडलं की तीच वजनं नवा दोष होऊन बसतात.

माती नसेल, रिम वाकलेली नसेल, टायरला फुगवटा नसेल, तर जॅक लावायचा. पुढचं चाक उचललं की ते वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून, हलवून बघतात. खटखट झाली तर प्ले आहे. पण कुणाचा? बेअरिंगचा, की चाक ज्याभोवती वळतं त्या किंगपिनचा, की बॉल जॉइंटचा? इथं मिस्त्री लोकांची एक युक्ती आहे, आणि ती शोधणाऱ्याला मी मनातल्या मनात सलाम करतो. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेकनं चाक आणि त्यामागचा नकल जखडले जातात, म्हणजे दोघांच्या मधलं बेअरिंग हिशेबातून बाद. खटखट गेली तर दोषी बेअरिंग. राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. एकही नट न खोलता, एका पायाच्या दाबावर दोन संशयित वेगळे झाले. टायरॉडसाठी तीन आणि नऊवर धरतात. त्याहून चांगलं म्हणजे चाकं जमिनीवर ठेवून एकानं स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्यानं खाली जॉइंटवर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला लागतो.

याच ठिकाणी गॅरेजबाहेर जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतो, ‘अलाइनमेंट करून घ्या.’ अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेनं खाल्ला जातो. नुसत्या तिच्यामुळं स्टिअरिंग थरथरणं तसं दुर्मिळ. आणि टायरॉड ढिला असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

एक प्रकार मात्र या सगळ्याहून वेगळा आणि भीतीदायक आहे. काही जुन्या पिकअपना पुढंही कमानपाटे आणि डावं-उजवं चाक जोडणारा एकसलग अ‍ॅक्सल असतो. अशी गाडी पन्नास-साठला एखाद्या खड्ड्यावरून गेली आणि जॉइंट झिजलेले असले, तर पुढची दोन्ही चाकं अचानक डावी-उजवी सपासप हलायला लागतात. स्टिअरिंग हातातून सुटतं की काय असं वाटतं, आणि गाडी बरीच हळू केल्याशिवाय ते थांबत नाही. इथं वजनाचा असमतोल नसला तरी चालतं. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी अक्षाला धरून, जोरात फिरवून एका बाजूला झुकवून पाहा. ते झुकतानाच स्वतःहून वळायला बघतं. एकसलग अ‍ॅक्सलचं एक टोक खड्ड्यावर उचललं की दोन्ही चाकं एकदम झुकतात, म्हणून दोन्ही वळतात. वळली की फिरतं चाक अ‍ॅक्सलला उलट झुकवतं. झुकणं आणि वळणं एकमेकांना खाऊ घालत राहतात, आणि त्यासाठी लागणारी ताकद गाडीच्या वेगातूनच घेतली जाते.

१९२०च्या दशकात कमी हवेचे जाड टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले तेव्हा या रोगानं अमेरिका-युरोपातले इंजिनिअर हैराण झाले होते. फ्रान्समधे जॉर्ज ब्रूलिए यानं १९२५ साली त्याची मीमांसा मांडली. जनरल मोटर्समधे रोल्स-रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली वगैरे मंडळींनी उपाय केला तो सरळ अ‍ॅक्सलच काढून टाकण्याचा: १९३४च्या मोटारींत पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी झाली. पण विलीज जीप कणखरपणासाठी एकसलग अ‍ॅक्सललाच धरून राहिली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी तीच जीप मुंबईत जोडायला घेतली आणि तिच्याबरोबर ही सवयही आपल्याकडं आली.

त्यात आपली भर म्हणजे माल. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर धरलं आणि कांद्याच्या पोत्यांनी मागची बाजू दहा सेंटीमीटर खाली बसली, तर सगळी गाडी जवळपास दोन अंशांनी मागं कलते. त्याबरोबर किंगपिनही तेवढाच मागं कलतो, आणि त्याचा मूळचा कल असतोच जेमतेम काही अंशांचा; तो असा वाढला की चाकं डावी-उजवी हलायला सोकावतात. माल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं लादला असेल तर वर पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. म्हणून ‘भरली की थरथरते, रिकामी केली की गप’ हे वाक्य ऐकलं की मिस्त्रीनं पाट्यांचे बुश आणि किंगपिन आधी तपासावेत. स्टिअरिंगला डँपर बसवला की हलणं दबतं खरं, पण झिजलेला सांधा झिजलेलाच राहतो.

सगळं बदलून झाल्यावरही थरथर उरली तर मिस्त्रीशी भांडण्याआधी पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. ढिल्या सांध्यावर महिनोन् महिने पळालेला टायर जागोजागी खळगे पडून झिजतो. सांधा नवा झाला तरी ते खळगे प्रत्येक फेऱ्याला जुनाच ठोका देत राहतात. दोन्ही पुढचे टायर मागं टाका, मागचे पुढं आणा, आणि पुन्हा ऐंशीला नेऊन बघा. थरथर स्टिअरिंग सोडून सीटखाली आली, तर पार्ट सगळे बरोबर बसलेत. आता फक्त टायर घ्यायचेत.