न दुखणारी जखम

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्या काळी ग्रामीण आरोग्यसेवेचे लक्ष मुख्यतः हिवताप, क्षय, हगवण आणि बाळंतपणातील धोके यांवर केंद्रित झालेले होते. भोकरदनपासून मंठ्यापर्यंतच्या उपकेंद्रांत आज त्यांच्या जोडीला मधुमेह व उच्च रक्तदाब येऊन बसले आहेत. हे आजार वर्षानुवर्षे गाजावाजा न करता शरीरात मुक्काम करतात. म्हणूनच परिचारिकेला केवळ आकडा टिपता येऊन भागत नाही. त्या आकड्यामागे शरीरात काय घडते आहे, हेही तिला ठाऊक असावे लागते.

मधुमेही शेतकऱ्याच्या पायात बाभळीचा काटा रुततो आणि तरीही तो दिवसभर कपाशीत वावरतो. दुखत नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. जाणत्या परिचारिकेच्या दृष्टीने धोक्याची खूण नेमकी हीच. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा पोहोचते. पायाकडे जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून बधिरता बहुधा तळव्यांपासून सुरू होते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती गेली की माणूस जखमेवरच चालत राहतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाचा रक्तपुरवठा घटतो, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ कमी पडते, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. चप्पल काढायला लावून बोटांच्या बेचक्या पाहणे व नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासणे, या कामाला काही मिनिटे पुरतात; वीज नसली तरी अडत नाही.

‘आमचा माणूस काडीसारखा, त्याला कसली साखर?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून मिळाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. येथील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो, मात्र येथील बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरून कृश दिसणाऱ्या देहातही इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती असू शकते, हे त्यामुळे उमगू लागले.

रक्तदाबाची गोष्ट थोडी निराळी. गोळीने बरे वाटते आणि बरे वाटले म्हणून गोळी सुटते. वाढलेला दाब मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण करीत राहतो. हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांना त्याची झळ बसते. मूत्रपिंड तर बरेचसे निकामी होईपर्यंत तक्रारच करीत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागणे ही त्याची आरंभीची सूचना होय.

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचर्या पदवीधरांचाही समावेश असून त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम आखला गेला. तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी व पाठपुरावा त्यांच्याकडे असतो; निदान व औषधयोजना वैद्यकीय अधिकाऱ्याची.

पाठपुराव्यातील खरी अडचण दिवाळीच्या सुमारास उभी राहते. ऊसतोडीसाठी कुटुंबे गाव सोडतात आणि औषधाची साखळी तुटते. कोण, कोणत्या कारखान्याकडे आणि केव्हा निघणार, हे पंचायत सदस्यांना व शिक्षकांना बहुधा आधी कळते. ती वार्ता वेळेवर उपकेंद्रात पोहोचली, तर त्या माणसाचे पाय गाडी सुटण्यापूर्वी एकदा पाहून होतात, आणि गोळ्या व औषधाची चिठ्ठी त्याच्याबरोबर जातात.