कळंबच्या माळाचं वय

कळंबहून येडशीकडे निघालं की मांजरेकाठची काळी रानं मागे पडतात आणि बालाघाटाचे मुरमाड माळ लागतात. उन्हाळ्यात सगळं पिवळंधमक. मधूनच एखादी बोर, बाभूळ, हिवर. पाहणाऱ्याला वाटतं, इथं कधीकाळी दाट जंगल असणार, ते तुटलं आणि उरलं ते हे.

असं वाटण्यामागे एक जुना सिद्धांत आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 साली मांडलं की वनस्पतींचा समाज टप्प्याटप्प्यानं बदलत जातो आणि त्या त्या हवामानाला साजेशा शेवटच्या मुक्कामी पोचतो. गवत, मग झुडपं, मग अरण्य हा क्रम आपल्या डोक्यात पक्का बसला तो तिथून. पण गवताळ माळ हाच मुक्काम असू शकतो!

त्याचा पुरावा पायात रुतणारा आहे. कुसळी गवताचं एक कुसळ चिमटीत धरा. पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस, मागे पिळलेली लांब शेपटी. तिला पाण्याचा थेंब लावला की पीळ सुटतो आणि शेपटी गरगर फिरू लागते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. या ओल्या-कोरड्या फिरण्यातूनच बी जमिनीत शिरतं, उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. वरून वणवा गेला तरी मातीत रुतलेलं बी वाचतं. अशी तयारी चार पिढ्यांत होत नसते. हेच कुसळी गवत आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, हवाई बेटांवरही उगवतं.

कळंबचा माळ सव्हानाच्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानांच्या, जागतिक परिवाराचा. आफ्रिकेतली सेरेंगेटी त्याच घराण्यातली, ब्राझीलचा सेराडोही. चार महिने पाऊस, मग लांब कोरड, अधूनमधून आग, सततची चराई. यातून ऊन सोसणारी गवतं तगतात, सावली धरणारी झाडं मागे पडतात. भारतीय उपखंडात अशी गवतं सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी पसरली. शिवालिक टेकड्यांच्या प्राचीन मातीत त्याच्या खुणा आहेत.

आणि आपल्या मराठीतही आहेत. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, आख्यायिका धुंडाळून 2025 साली दाखवलं की त्यांत आलेल्या 44 रानवनस्पतींपैकी बहुतेक सव्हानातल्याच. पंढरपूरच्या देवळात संत कान्होपात्रेच्या आठवणीशी जोडलेली तरटी आहे ना, तीही माळरानाचीच.

म्हणून माळावर वृक्षारोपणाचे खड्डे दिसले की मला धास्ती वाटते. नांगरलेला माळ पडून राहिला की आधी टाकळा, आघाडा येतात, मागून हरळी, कुंदा. पवन्या आणि शेड्याचं जुनं गवत मात्र लवकर परतत नाही. ते जिथं अजून उभं आहे, तिथं रोपं लावू नयेत. गवताला गुरं, आग आणि ऊन मिळू द्यावं.