ससा, मांजर की कुत्रा? घरी आणण्यापूर्वी एवढे वाचा



जत्रेत किंवा आठवडी बाजारात पांढरी सशाची पिल्ले दिसली, की मुले हट्ट धरतात. आपणही हौसेने जोडी घेऊन घरी येतो. पण पुष्कळ घरी उन्हाळा सरायच्या आतच पिंजरा रिकामा होतो आणि पोरे रडत बसतात. असे का होते? कारण कुत्र्या-मांजराला लावायची रीत आपण सशालाही लावतो.

कुत्रा आणि मांजर ही शिकार करणारी जनावरे. ससा हा शिकार होणारा. हा फरक ध्यानात ठेवला, की बाकीचे समजायला सोपे जाते.

सोबत कोणाची कशी?

कुत्रा माणसाला आपल्या कळपातला मानतो. हाक मारली की येतो, वस्तीवर राखण करतो, रानात मागोमाग हिंडतो. मांजर आपल्या मर्जीने जवळ येते, पण कणगीजवळच्या उंदरांवर तिची नजर असते. ससा राखण करीत नाही आणि उंदीरही मारीत नाही. तो पहाटे व तिन्हीसांजेला हुशार असतो, दुपारी पडून राहतो.

सशाला उचलून घेतलेले आवडत नाही. घारीने उचलावे तशी भीती त्याला वाटते. त्याच्या मागच्या पायांत जोर मोठा, पण पाठीचा कणा नाजूक. धडपडून हिसका मारला, तर कणा मोडू शकतो. म्हणून त्याला कान धरून कधीही उचलू नये. मुलांनी जमिनीवर बसावे, हातात गवताची काडी धरावी आणि त्याला आपण होऊन येऊ द्यावे. विश्वास बसला की तो पायाशी अंग पसरून झोपतो. भ्याला तर मागचा पाय जमिनीवर आपटतो. ही त्याची भाषा मुलांना जरूर शिकवा.

खाणे

कुत्र्या-मांजराचे आपल्या घरातल्या भाकरी, दूध, मासळी यांवर बरेचसे भागते. सशाचे तसे नाही. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजावेत आणि पोट चालू राहावे, म्हणून स्वच्छ वाळलेले गवत दिवसरात्र पुढे हवे. हिरवा पाला बेताने द्यावा. भाकरी, धान्य, गूळ यांनी पोट बिघडते. फवारणी झालेल्या रानातले गवत मुळीच घालू नये. सशाने दिवसभर तोंड लावले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर 'उद्या पाहू' म्हणू नका. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या.

उन्हाळा

पाळीव सशाचे मूळ युरोपातले. तिथे तो बिळात राहणारा. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे तर तो ४० वर जातो. पत्र्याखाली पिंजरा ठेवला, तर दुपारी ससा दगावतो. पिंजरा झाडाच्या दाट सावलीत किंवा कौलारू पडवीत ठेवावा. बाजूला ओले गोणपाट सोडावे आणि गार पाणी सतत भरलेले असावे. पिंजरा जमिनीपासून उंच, मजबूत जाळीचा हवा. मुंगूस आणि बोके टपलेले असतात, बरं का!

घरचा कुत्रा कितीही गरीब असला, तरी त्याच्या भरवशावर ससा अंगणात मोकळा सोडू नये. नुसत्या पाठलागाच्या धसक्यानेही ससा मरू शकतो.

पैदास आणि रोग

एकटा ससा कष्टी राहतो, म्हणून जोडी ठेवणे चांगले. पण नर-मादी एकत्र ठेवाल, तर सुमारे ३० दिवसांत पिल्ले होतील आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकेल. एकाच वेताच्या दोन माद्या ठेवणे सोयीचे. कानात खपल्या किंवा नाका-पायांवर खरूज दिसली, तर घरी तेल चोपडत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुत्र्या-मांजरांत मोठी भीती रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस टोचून घ्या आणि पुढे दरवर्षी टोचा. कुत्रे किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. तिखट, चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

रानातला ससा वेगळा

आपल्या बांधावर दिसणारा करड्या रंगाचा ससा ही निराळी जात आहे. तो बीळ करीत नाही, त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पिल्लू एकटे दिसले, तरी आई जवळपासच असते. ते उचलून आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे गुन्हा आहे. पाळलेला ससाही कंटाळा आला म्हणून रानात सोडू नये, तो तिथे टिकत नाही.

तेव्हा विचार करा

राखण हवी असेल, तर कुत्रा पाळा. उंदरांचा त्रास असेल, तर मांजर ठेवा. थंड जागा, रोजचे गवत आणि घरात शांतपणा असेल, तरच ससा आणा. नीट सांभाळला तर तो ८ ते १० वर्षे जगतो. पोराचा हट्ट दोन दिवसांचा असतो, पुढची वर्षे आपल्याला काढायची असतात.

अधिक माहितीसाठी आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य भेटा.